फ्रिजवरच्या चांदण्या

"लेकरू तीन-तीनदा उगाच विचारत नाही, भूमिका. कायतरी बिनसलंय. बघून घे."

शेजारच्या बेबाबाई असं म्हणाल्या, तेव्हा भूमिका हसली होती. "अक्का, विचारायला मीच शिकवलंय तिला!"

देवश्री पहिलीत गेली, त्या दिवसापासून फ्रिजवर तक्ता लागला होता. कळलं नाही तर 'काय?' म्हणायचं नाही, 'हं?' तर मुळीच नाही. तक्त्यातलं वाक्य म्हणायचं. पार्डन मी? सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट. कुड यू से दॅट अगेन, प्लीज? प्रत्येक वाक्याला एक चांदणी. भूमिका स्वतः इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली; पण नोकरीच्या मुलाखतीत साहेबांचा प्रश्न कळला नाही आणि तिच्या तोंडून 'आँ?' निघून गेलं. तो 'आँ' अजून खुपत होता. लेकीचं तसं व्हायला नको.

पहिल्या दोन महिन्यांत मिळून आठ चांदण्या. या चार दिवसांत एकवीस.

सावद्याहून सासूबाईंचा, शेवंताबाईंचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा. सासरे गेल्यापासून त्या तिथं एकट्याच. केळीची बाग सोडून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये त्यांचा जीव रमत नसे. फोन वाजला की भूमिका पिठाच्या हातानंच तो नातीकडे द्यायची. "काय करी राहिली व माय?" ही आजीची हाक पार तव्यापर्यंत ऐकू यायची. हल्ली येत नसे. रेंजच तशी.

त्या संध्याकाळी देवश्री फोन धरून रडवेली झाली. "मम्मी, आजी ना..."

"मराठीत तक्रार नाही. वाक्य म्हण."

"कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज चिरकला. मग फोन कट झाला.

चांदण्या चिकटवताना भूमिकाला बेबाबाईंचे शब्द आठवले. तिनं लेकीच्या पाठीमागे मुद्दाम ताट पाडलं. देवश्री दचकली, तरी भूमिकाची खात्री पटेना. पोर बहिरी होतेय, आणि आपण चांदण्या चिकटवतोय!

सकाळी नवरा, हितेंद्र, ड्यूटीवर गेला आणि ती लेकीला घेऊन थेट भुसावळला, कानाच्या डॉक्टरांकडे पोहोचली.

मोठा हेडफोन लावून देवश्री बसली. शिट्टी ऐकू आली की हात वर. प्रत्येक शिट्टीला हात वर गेला, अगदी बारीकातल्या बारीकसुद्धा.

"कान माझ्यापेक्षा चांगले आहेत हिचे," डॉक्टर हसले.

भूमिकानं पदरानं डोळे टिपले. रात्रीपासूनचं ओझं उतरलं होतं. "मग सारखं पार्डन, पार्डन कशाला गं?"

"कुणाला म्हणतेस बेटा? टीचरला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. त्यांचं कळतं. आजीला."

"सासूबाईंची बोली गावाकडची आहे हो," भूमिका ओशाळून म्हणाली.

"बोली कळते मला," देवश्री म्हणाली. "पण आता आजी तोंडात खूप भात भरल्यासारखी बोलते. काल तर नुसतं व, व, व करत होती. मग तिचा फोन खाली पडला. मी सांगत होते ना, मम्मी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "ही लकव्याची लक्षणं असू शकतात, आधी त्यांना फोन लावा."

सावद्याची रिंग पूर्ण वाजून बंद पडली. पाचव्यांदाही. हितेंद्र प्लांटमध्ये, त्याचा मोबाईल लॉकरमध्ये. सासूबाईंच्या शेजारपाजारचा एकही नंबर भूमिकाकडे नव्हता. तिनं समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'सावद्यात कुणीही हे वाचत असाल, तर पाण्याच्या टाकीमागे निळ्या दाराचं घर आहे, आमच्या शेवंताबाईंचं. आत्ता जाऊन बघा. दार नाही उघडलं तर तोडा.'