नवा पासवर्ड

"इथं बस. माझ्या खुर्चीत," सासरे म्हणाले. सून अवघडून उभीच राहिली, तेव्हा त्यांनी खुर्ची स्वतःच मागे ओढली.

टेबलावर घरभर नेट पुरवणारा राउटर होता. झाकण काढलेला, एका वायरने लॅपटॉपला जोडलेला. तो घरी आला त्याच आठवड्यात सासऱ्यांनी कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून त्यात आख्खं लिनक्स बसवलं होतं. मोठ्या संगणकावर चालतं तसं, कुणालाही हवं तसं बदलता येणारं. "आपल्या दाराची किल्ली परक्याच्या खिशात कशाला?" असं म्हणायचे.

परवा त्या दाराला त्यांनीच आतून कडी घातली. सून तेव्हा घरी बसून व्हिडिओवरून काम करत होती. दवाखान्यातल्या एका मूकबधिर बाईला डॉक्टरांचं बोलणं खुणांनी सांगत होती. ऑपरेशन करायचं की नाही, एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि नेट गेलं. ती धावत आली, तर सासरे पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "बघ, कोण कोण शिरलं होतं घरात! हाकललं सगळ्यांना."

यादीत तिचा लॅपटॉप होता, नवऱ्याचा फोन होता. ती नावं पूर्वी सासऱ्यांनीच दिलेली.

"फेकून द्या तो डबा, कंपनीचा आणू," नवरा चिडून म्हणाला. आज सकाळी मात्र दाढी करून, धुतलेला सदरा घालून सासऱ्यांनी सुनेला हाक मारली होती.

ते सांगत गेले, ती टाइप करत गेली.

"आता नवा पासवर्ड टाक. अक्षरं दिसत नाहीत, घाबरू नकोस." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "आणि तो मला सांगायचा नाही."

"राहू दे ना, बाबा. मी लक्ष ठेवीन."

"काम करशील की माझ्यावर पहारा देशील? आज डोकं ठिकाणावर आहे तोवर उरकून घे, पोरी. पुढं मी मागेन. ओरडेन, नाही नाही ते बोलेन. तरी द्यायचा नाही. शब्द दे."

"दिला," ती म्हणाली. पासवर्ड पुन्हा टाकताना ती एकदा चुकली. मग जमलं.

सासरे वळले. वाकून त्यांनी आपला जुना पासवर्ड टाकून पाहिला. राउटरने नाकारला.

"शाब्बास," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती डोळे पुसत चहा टाकायला गेली. कप घेऊन परतली, तेव्हा ते खुर्चीत बसून काहीतरी टाइप करत होते. पुसत होते, पुन्हा टाइप करत होते.

ते ओरडले नाहीत. चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली, आणि संकोचून विचारलं, "अहो बाई, जरा बघता का? हा मला आत घेत नाहीये."