पाणी नको

अर्धांगवायूने दादाजींची वाचा गेली, उजवा हात गेला, मानही धड वळेना. धरमपेठेतल्या त्यांच्या घराच्या गॅलरीतल्या कुंड्या मग बायकोकडे, कौसल्याबाईंकडे आल्या. त्यातल्या लाल कॅक्टसवर दादाजींचा फार जीव. हिरव्या खोडावर त्याचं कलम त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलं होतं.

मे महिन्याचं ऊन पाहून कौसल्याबाई त्याला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागल्या. खिडकीशी पडलेले दादाजी जीव तोडून "अं... अं..." करायचे, डावा हात खाटेवर आपटायचे.

"टाकून राहिली ना मी पाणी! काहून तगमग करता?" असं म्हणत त्या आणखी थोडं ओतायच्या.

पाण्याने खोड तपकिरी पडलं, पिचपिचीत झालं. वरचा लाल गड्डा वेळीच कापून दुसऱ्या खोडावर बसवला असता तर वाचला असता. दादाजी रोज ते बघत पडून होते.

एका सकाळी कॅक्टस आडवा झाला. कौसल्याबाई कुंडी घेऊन आल्या आणि खाटेच्या काठावर बसून रडू लागल्या.

"तुमच्यासारखंच जपलं हो मी त्याले. माझं काही चुकलं काय?"

दादाजींनी अंगातलं सगळं बळ मानेत गोळा केलं आणि ती हळूहळू डावीकडून उजवीकडे हलवली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं कौसल्याबाईंना कळलं.