खांबामागची जागा

"आजी, आलो! आपला नंबर आलाय, लवकर ये!"

अन्वी एवढ्या जोरात ओरडली की आशाबाईंच्या हातून झारा कढईत पडता पडता वाचला. त्यांनी गॅस बंद केला. अर्धेकच्चे वडे तेलात तसेच तरंगत राहिले. रहा म्हणावं. आज वड्यांना कोण विचारतं!

लंडनमधल्या एजवेअरच्या त्या छोट्याशा स्वयंपाकघरात सकाळपासून लग्नघराची गडबड होती. नात अन्वी ऑनलाइन तिकिटं काढायलाच क्रॉयडनहून ट्रेनने आली होती. लेक मीनल कार्ड हातात घेऊन तयार होती. आणि टेबलाच्या टोकाला मोहनराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, जणू सामना आत्ता, इथेच व्हायचा होता.

बॉस्टनचं ते शंभरी ओलांडलेलं बेसबॉलचं मैदान. मोहनरावांनी आयुष्यभर ते टीव्हीवर पाहिलं. आख्खं एजवेअर क्रिकेट बघायचं तेव्हा यांचं आपलं तिसरंच. आशाबाई त्याला विटीदांडू म्हणायच्या आणि चिडवायच्या. पण वर्षभरापूर्वी मोहनरावांच्या नजरेच्या बरोबर मधोमध डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं पुसलं जायचं. बायकोचा चेहरा बघायचा तर ते तिच्या कानाकडे बघायचे. डाग वाढत जाणार, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून याच उन्हाळ्यात जायचं. पुढचा उन्हाळा कोणी पाहिलाय!

"तिसरी रांग, मधल्या खुर्च्या," मोहनरावांनी हुकूम सोडला. मराठी मंडळाच्या नाटकांना त्यांनी उभ्या जन्मात दुसरी जागा घेतली नव्हती.

"आजोबा, हा नाटक नाहीये! ते सगळे ऑलरेडी गेले." अन्वीची नजर लॅपटॉपवरून हलत नव्हती. खुर्च्यांच्या नकाशावरचे निळे ठिपके डोळ्यांदेखत विझत होते. "वेट, वेट... मिळाली! तीन सीट्स एकत्र, सुपर व्ह्यू! आणि चौथा बाजूलाच आहे, पण... पोलच्या मागे."

"कसला पोल?"

"जुना स्टेडियम आहे ना, छपराला लोखंडी खांब आहेत. त्याच्या मागे बसलं की मधलं काही दिसत नाही. चारही धरून ठेवलेत मी. टाइमर सुरू झालाय. नावं टाकायची आहेत, खांबामागे कोण?"

"मी," आशाबाई म्हणाल्या. "मला त्या विटीदांडूतलं काय कळतंय? मी विणकाम घेऊन बसेन."

"आई, काहीतरीच काय! एवढ्या लांब जाऊन तू खांब बघणार? मी बसते."

"तू कशाला? रजा काढून येतेयस तू."

"ममा, आजी, प्लीज! मी बसते, मी उंच आहे, वाकून बघीन."

"अगं, मीच बसतो तिथे," मोहनराव मध्येच बोलले.

"तुम्ही गप्प बसा!" तिघी एकदम ओरडल्या. "तुमच्यासाठी तर चाललंय सगळं!"

पाहुणे उठून गेले तरी शेवटचा लाडू ताटलीत राहतोच, तसं झालं. तो कोणी उचलेना, आणि दुसरीला उचलू देईना. आशाबाईंना तर आता चेवच चढला होता. "माझी शपथ आहे तुला, मीनल," इथवर मजल गेली, आणि तेवढ्यात अन्वीने कपाळावर हात मारून घेतला.

"गेले. टाइम संपला. चारही गेले."

आशाबाईंना भडभडून आलं. आपल्या जिभेला हाड नाही, आपणच सुरुवात केली, आपणच शपथा घातल्या. नवऱ्याची एवढी एकच हौस होती आणि ती आपण आग्रहापायी घालवली. त्यांनी पदर नसल्यामुळे कार्डिगनच्या बाहीने डोळे टिपले.

अन्वी मात्र बटणं दाबतच होती. "थांबा. चार आहेत अजून. ओळीने, एकत्र." तिचा आवाज मग खाली आला. "पण सगळे खांबामागे. इथून कसं दिसतं त्याचा फोटो दिलाय, बघा."

फोटोच्या बरोबर मधोमध हिरवा, जाडजूड खांब उभा होता. फटका मारणारा त्याच्यामागे, चेंडू टाकणाराही त्याच्यामागे.

"नको," मीनल म्हणाली. "बाबा, यापेक्षा घरी टीव्ही बरा."

"मला बघू तर दे."

अन्वीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. एरवी काही बघायचं झालं की मोहनराव मान वाकडी करून कडेने बघायचे. पण आज ते नाटकाला बसतात तसे खुर्चीत मागे रेलले आणि सरळ समोर बघू लागले. बघता बघता त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"अगं, ती बघ भिंत! केवढी उंच आहे! तिच्या पोटात माणूस बसतो, हाताने आकडे बदलतो अजून. आणि गवत बघ, इकडे थेट इथपर्यंत. तिकडे ते दिवे. माणसं किती आलीयत! आशा, बघतेयस ना?"

"बघतेय हो."

"सगळं तर दिसतंय की छान. उगीच रडताय." त्यांनी डोळे बारीक केले. "खांब कुठाय यात?"

मीनलने तोंड फिरवलं. अन्वीचं बोट तिकिटं घ्यायच्या बटणावर तसंच अडकून राहिलं. आशाबाईंनी त्या बोटावर आपलं पिठाचं बोट ठेवलं आणि दाबलं.

"नाहीच आहे," त्या म्हणाल्या.