एकवीस टोकं

“तिसऱ्यांदाही तेच आलं, धाऊकाका,” नामा म्हणाला.

मुरबाडच्या दवाखान्याच्या ओट्यावर धाऊ उकिडवा बसला होता. त्याची थोरली, चंद्रकला, फेफरं येतं म्हणून वाशिंदच्या सासरहून परत आली होती. पोरगी निरोगी असल्याचा डॉक्टरी कागद दाखवा, मगच नांदवू, असं सासऱ्याने बजावलं होतं.

महिन्यापूर्वी मुंबईचे डॉक्टर याच दवाखान्यात एक यंत्र घेऊन आले होते. डोक्याला तारा लावल्या की मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदाच्या लांब पट्टीवर उमटत. नुकताच बी.एस्सी. झालेला नामा त्यांच्या हाताखाली होता; निकालाचा कागद तोच लिही, डॉक्टर सही करत. प्रत्येक लहर फूटपट्टीने मोजून त्याने आकडे कार्डांवर छिद्रांनी नोंदले आणि मुंबईच्या गणकयंत्रात तीनदा घातले.

नामाने पट्टी पुढे धरली. “लहरींची अशी अणकुचीदार टोकं फेफऱ्याचीच. या पट्टीत एकवीस आहेत.”

“तुज्या यंत्राला पोरी हायत का रे?”

“नाहीत.”

“मंग त्याला कसला घोर. पट्टी दुसऱ्या कुनाची नाय ना?”

“नंबर तुमच्यासमोर टाकला. तुम्हीच तिचा हात धरून बसला होता. पदर काढायला तयार नव्हती, आठवतं?”

“भ्याली होती. भ्याल्यानं उठली आसतील टोकं.”

“दात आवळल्याच्या, पापणी लवल्याच्या रेघा मी आधीच वगळल्या.”

धाऊने मुंडाशाने तोंड पुसलं. “उद्या न्यायला या, म्हनून सासऱ्याला सांगावा धाडलाय.”

“कागद मिळायच्या आधीच?”

“दोनदा जीव द्यायला गेली, हिरीवरून माघारी आनलीय चंद्रकलेला. चांगला कागद लिहून दे रे. तुज्या पाया पडतो.”

तो खरंच वाकला. नामाने त्याचे हात धरले.

“खोटं कसं लिहू, काका? आणि आजार कळला हे बरंच झालं. डॉक्टरांनी दिलेल्या या गोळ्यांनी फेफरं आटोक्यात येतं. आजच चंद्रकलेला सुरू करा.”

धाऊने गोळ्यांची पुडी घेतली.

“चंद्रकला त्या दिशी घरीच होती,” तो म्हणाला. “खुर्चीत बसवली ती धाकटी, मैना. तिला तर कंदी घेरीबी आली नाय.”