कर्नलची न्याहारी

"अहो, ती बाटली काढा आधी खुंटीवरून!" फाबिओलाने वेलीखालूनच हाक घातली.

ओसरीवर आरेपा, मक्याची जाड भाकरी, चावत बसलेला तिचा नवरा, रुबिएल, ढिम्म हलला नाही. "का म्हणून? कर्नलच्या न्याहारीची वेळ झालीय."

कर्नल म्हणजे हमिंगबर्ड. मूठभर जीव, पण चोच अख्ख्या अंगापेक्षा लांब. रोज सकाळी यायचा, रुबिएलच्या साखरपाण्याच्या बाटलीत चोच खुपसायचा आणि पोट भरलं की चालता व्हायचा. चार हातांवर फाबिओलाचं नारिंगी कृष्णकमळ लोंबत होतं, तिकडे ढुंकूनही बघायचा नाही मेला.

आणि तिला तर तोच हवा होता. कृष्णकमळाची ही डोंगरी जात आता साऱ्या वाडीत दोनच अंगणांत उरलेली. एक वेल इथं, दुसरी दरीपलीकडच्या शेजारणीच्या, लुसेलीच्या कुंपणावर. एकीचा पराग दुसरीला लागल्याशिवाय फळ धरत नाही, आणि एवढ्या लांब नळीच्या फुलात पोचेल अशी चोच एकट्या कर्नलची. गेल्या वर्षी तीस फुलं आली, तीसही गळाली. यंदा खोड खालून पोकळ झालेलं. वरची ही तीन फुलं शेवटची. आत्ता बी धरलं तर धरलं, नाहीतर वेल गेलीच म्हणायची.

"तीनच दिवस काढा हो," ती जरा मऊ आवाजात म्हणाली.

"तीन दिवस उपाशी ठेवू त्याला? दारात आलेल्याला?"

"उपाशी कसला? देवानं त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलंय इथं! तुम्हीच त्याला हॉटेलची चटक लावलीत."

"जळतेस तू. तो माझ्याकडे येतो, तुझ्याकडे येत नाही, हे खरं दुखणं आहे."

फाबिओला तरातरा ओसरीवर आली, खुंटीवरची बाटली काढली आणि आत नेऊन ठेवली. रुबिएलने अंगावरची लोकरी रुआना हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि तोंड फुगवून बसला.

कर्नल वेळेवर आला. रिकाम्या खुंटीसमोर, हवेत, रुबिएलच्या नाकापुढे थांबला. खुंटीच्या खाली बघितलं, वर बघितलं, मग सरळ रुबिएलच्या तोंडाकडे बघितलं. रुबिएलने मान खाली घातली. कर्नल वळला आणि दरीकडे निघून गेला. फुलांकडे काही फिरकला नाही.

"बघ, गेला," रुबिएल म्हणाला. पण जिंकल्यासारखं नाही.

फाबिओला पायरीवर बसली. तिला फार वाईट वाटलं. पाखरू तर गेलंच, वर नवऱ्याचं मन मोडलं, आणि वेलीच्या पदरात काहीच नाही. तिने डोळे पुसले ते त्याला दिसू नये म्हणून घाम पुसल्यासारखे. पण इतक्या थंडीत घाम कुठला यायला?

रुबिएल गुडघे धरून उठला, आत गेला आणि बाटली घेऊन बाहेर आला. सगळं साखरपाणी अंगणात ओतून दिलं, तळाला चार थेंब ठेवले. स्टूल ओढत वेलीखाली नेलं आणि वर चढला.

"अहो, फूल मोडेल!"

"गप गं. चाळीस वर्षं गाई पिळतोय, या हातांना कळतं कुठं किती जोर लावायचा ते."

तीन फुलांच्या मधोमध त्याने सुतळीने बाटली बांधली. मग दोघं पायरीवर बसून राहिली. ती चुकून खोकली तर त्याने डोळे वटारले.

कर्नल परत आला तो दरीपलीकडून, लुसेलीच्या फुलांतल्या परागानं कपाळ पिवळंधमक करून. बाटली दिसताच थेट तिच्यावर. चार थेंब दोन घोटांत संपले. कोरड्या काचेत दोनदा चोच आपटली, चिडून मागे सरकला. समोरच फूल लोंबत होतं. त्याने खालून त्यात चोच घातली. घातली ती पार डोळ्यांपर्यंत.

फाबिओलाने रुबिएलची रुआना घट्ट मुठीत धरली. दुसरं फूल. मग तिसरं. कर्नल गेला तेव्हा तिन्ही फुलांच्या पोटात पिवळी धूळ लागलेली खालूनही दिसत होती.

"आता तरी पोटभर देऊ दे बिचाऱ्याला," म्हणत रुबिएल उठला. चुलीजवळचं साखरपाण्याचं पातेलं आणलं, पुन्हा स्टुलावर चढला आणि बाटली काठोकाठ भरली.

ऊन वर आलं तसा कर्नल पुन्हा आला. भरलेल्या बाटलीला वळसा घातला आणि सरळ फुलात शिरला. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. बाटलीला शिवला नाही.

रुबिएल बघतच राहिला. मग घसा खाकरला.

"आज साखर कमी पडली असेल," तो म्हणाला.

"हो ना," फाबिओला म्हणाली, "मीच कालवली होती. घाईत हात आखडला माझा." आणि तिने त्याचा गार पडलेला हात आपल्या शालीत ओढून घेतला.