मधली वायर

"अगं, आता जाड केबल लाव," सोफ्यावर डोळे मिटून बसलेले विद्याधरराव म्हणाले. अँप्लिफायरमागे वाकलेल्या नलिनीताई सकाळपासून दुकानातून पारखायला आणलेल्या स्पीकरच्या केबलींपैकी एक काढत होत्या, दुसरी लावत होत्या. प्रत्येक वेळी गाणं तेच, लग्नाआधी नलिनीताईंनीच रेडिओवर गायलेलं.

"वा! हिच्यातून तुझा श्वाससुद्धा ऐकू येतो. बहुतेक हीच घेऊ."

नलिनीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नानंतर त्या रियाजाला बसल्या की हाच माणूस म्हणायचा, "जरा हळू गा, मी रेकॉर्ड ऐकतोय." हळू गाता गाता गाणंच बंद पडलं. आणि आता मेल्याला श्वास ऐकायचाय!

त्यांनी केबल उपटली. स्पीकर मुके झाले.

"अगं, काय करतेस? अजून चांदीची केबल ऐकायचीय!"

"ऐका ना. मध्ये वायर नसताना कसं वाटतं तेही ऐका."

त्या समोर मांडी घालून बसल्या. त्यांनी सा लावला. इतक्या वर्षांनी आवाज चिरकला, फाटला, पण त्या गातच राहिल्या.

सवयीनं विद्याधररावांचा हात आवाज कमी करायला रिमोटकडे गेला. ते दिसताच नलिनीताईंनी सूर आणखी चढवला.