साखर सोडली

वजनाचा काटा ऐंशीच्या पुढे सरकला, त्या दिवसापासून उपकेंद्रातल्या नर्स समीक्षाताईंनी साखरेचा चहा सोडला तो सोडलाच. आज एकविसावा दिवस होता आणि जीव नुसता वखवखत होता. सकाळी खाली कडाव गावात चार घरी लसीकरणाला गेल्या, तर चारही घरचे कप त्यांनी परत पाठवले. "आजून किती बारीक व्हायचंय, ताई?" म्हणत बायका हसल्या.

दुपारी डोंगर चढून त्या आदिवासी वाडीवर पोचल्या. सोमीच्या बाळाला डोस पाजून होतोय, तोच सोमीने काठोकाठ भरलेला कप पुढे धरला. गवती चहाच्या वासानेच समीक्षाताई कासावीस झाल्या. त्यांनी घाईघाईने हात जोडले.

"नको गं, खरंच नको. वजन उतरवायचंय, साखर सोडलीय मी."

सोमीने चहा परत टोपात ओतला, बाळाला कडेवर घेतलं आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली,


"आधीच्या शिस्टरपन खाली गावात चहा प्यायच्या, ताई. साखर सुटायची ती आमच्या वाडीवर आल्यावरच."